नाथाचं अर्थिंग

मला मोठ्या आवाजाचा तिटकारा आहे, हे आधीच सांगून टाकतो. पेणला आमची लाकडाची वखार. सगळं आयुष्य करवतीच्या आवाजात गेलं, त्यामुळे वखार बंद करून घरी आलो की मला घड्याळाची टिकटिकसुद्धा नको असते. अशा माणसाने एका साउंडवाल्याबद्दल लिहायला बसावं ही गंमतच आहे. पण नाथा घरतने बनवलेल्या स्पीकरच्या प्रत्येक पेटीचा प्लायवूड माझ्या वखारीतून गेलाय, आणि कोलाडला तो प्रकार घडला तेव्हा मी तिथे हजर होतो. तेव्हा सांगायचा थोडाफार हक्क मला आहे, असं मी समजतो.

नाथा गडबच्या पलीकडे, खाडीकाठच्या गावातला. बाप जनू घरत मिठागरात कामाला, आणि नाथाही दहाव्या वर्षापासून तिथल्याच कोंड्यांतून, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या वाफ्यांतून, मीठ ओढत मोठा झाला. मिठागरात चपला चालत नाहीत. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मीठ पायाला खातं, भेगा पडतात, माणूस रडकुंडीला येतो. मग तळवा असा काही बनतो की त्यावर काटा मोडतो. विशीत आलेल्या नाथाचे तळवे ट्रकच्या टायरसारखे होते. बाभळीच्या शेंगांवरून, तापलेल्या डांबरावरून तो अनवाणी चालायचा आणि वर आम्हाला हसायचा. 'शेठ, तुमचे पाय म्हंजे लोनी,' असं तो मला एकदा म्हणाला होता. मी त्या दिवशी त्याला प्लायवर सूट दिली नाही.

पुढे एका उधाणात बांध फुटला, मिठागर बुडालं ते पुन्हा उभंच राहिलं नाही, आणि नाथा पेणला एका मंडपवाल्याकडे वायरमन म्हणून लागला. लग्न, हळद, पूजा, पुढाऱ्यांच्या सभा. तिथे त्याचं एका बाबतीत नाव झालं: नाथाने लावलेल्या पेट्या घूं करत नाहीत.

हे थोडं समजावून सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. विजेच्या सामानातून थोडी वीज नेहमीच पाझरत असते. तिला जमिनीत जायला वाट करून द्यावी लागते. ती वाट म्हणजे अर्थिंग. वाट चांगली नसली तर दोन गोष्टी होतात. एक तर पेट्यांतून सारखी घरघर येते, आणि दुसरं म्हणजे ती वीज माईकच्या जाळीत येऊन बसते आणि गाणाऱ्याच्या ओठाची वाट बघते. म्हणून जाणते वायरमन खड्डा खणतात, त्यात कोळसा आणि मीठ भरतात, पाणी ओततात आणि मग तांब्याची तार गाडतात. नाथाला यातलं काहीच करावं लागत नसे. आमच्या खारातली जमीनच मुळात खारट आणि ओली. लोखंडी रॉड ठेवायचा, हातोड्याचे पाच-सहा ठोके द्यायचे, की रॉड लोण्यात सुरी जावी तसा आत. वीज खुशाल निघून जायची. बाकीचे साउंडवाले म्हणायचे, नाथाच्या हाताला गुण आहे. गुण जमिनीचा होता. पण वीस वर्षं सगळे एकच गोष्ट बोलत राहिले की माणसाला ती खरी वाटायला लागते, आणि नाथाही माणूसच होता.

त्याची आणखी एक रीत होती. माईक कोणाच्याही हातात देण्याआधी तो अनवाणी जमिनीवर उभा राहून जाळीला आपले ओठ लावायचा. झिणझिण आली नाही की मगच माईक पुढे. आमदार असो नाहीतर नवरीचा मामा असो, नाथाने ओठ लावल्याशिवाय माईक मिळायचा नाही. लोक थट्टा करायचे. पण बायाबापड्या आपल्या पोरांना त्याच्या माईकवर गायला निर्धास्त सोडायच्या.

सगुणा त्याची बायको. ती रोह्याच्या वरच्या अंगाच्या गावातली, भात आणि वाल पिकवणाऱ्या घरातली. लग्न होऊन आली तेव्हा खारट वाऱ्याने तिचं डोकं दुखायचं म्हणे. नाथाने मंडपवाल्याची नोकरी सोडून गडबला हायवेला लागून पत्र्याची शेड घेतली आणि स्वतःचा साउंड सुरू केला, तेव्हापासून वायरींचा सगळा कारभार तिच्याकडे. तीस मीटरची केबल ती एक वेढा सुलटा, एक वेढा उलटा असा घालून गुंडाळायची, आणि दुसऱ्या दिवशी एक टोक धरून फेकली की केबल एकही पीळ न पडता सरळ पसरायची. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. बैलाचा कासरा असाच गुंडाळतात, एवढंच तिचं म्हणणं. वीस वर्षं तिने माईक लावले, काढले, पुसले, डब्यात भरले. त्यात बोलली मात्र कधी नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, 'मना बोलायचं आसंल तं मी अशीच बोलतंय. त्याला वीज कशाला जालायची?'

आता पुंडलिक. हा रोह्याचा. धाटावच्या एका कंपनीत इलेक्ट्रिक खात्यात शिफ्ट करायचा, तिथून कंटाळून मुंबईला गेला आणि रॉक बँडच्या कार्यक्रमांचा साउंड सांभाळायला लागला. दोन हजार आठ साली पेणमध्ये एका नातेवाइकाच्या हळदीला आला असताना त्याने नाथाच्या पेट्या ऐकल्या. म्हणजे खरं तर दोन गाण्यांच्या मधली शांतता ऐकली. सगळं चालू असताना काही वाजत नव्हतं, आणि खरोखरच काही वाजत नव्हतं. तो उठून मागे गेला, नाथाला शोधून काढलं आणि म्हणाला, "नाथाभाऊ, एकदा मुंबईला या. माझ्याबरोबर उभे राहून एक शो बघा."

नाथा जाऊन आला. तीन दिवसांनी वखारीत आला आणि फळ्यांच्या ढिगावर बसून म्हणाला, "शेठ, माझ्या पेट्या तोडायला लागतील."

"का रे बाबा?"

"हळदीला आवाज पोटात ऱ्हायला पायजे. लोकांना तसाच आवडतो. तिथं तसा नाय. ड्रमचा ठोका आला, की लगेच गेला पायजे. दुसऱ्याला जागा करून दिली पायजे. माझा ठोका येतो, नि पावण्यासारखा बसूनच ऱ्हातो."

आणि त्याने खरंच तोडल्या. सोळाच्या सोळा. नंतरची दोन वर्षं हा माणूस दुसरं काही करत नव्हता. हळदीच्या सुपाऱ्या बंद केल्या. लोकांनी आधी आग्रह केला, मग नावं ठेवली, मग दुसरे साउंडवाले धरले. त्याने माझ्याकडून मरीन प्लाय नेला, आणि नेताना प्रत्येक शीट उभी धरून बोटाच्या पेराने वाजवून बघितली. मडकं घेताना बायका वाजवतात तशी. एखाद्या थरात पोकळी असली की त्याला कळायची. माझ्या दहातल्या तीन शीट तो परत करायचा, आणि मी चिडायचो, आणि तोडून बघितलं की पोकळी निघायची. मग मी जास्तच चिडायचो.

पेटीच्या आत सगुणा लोकरीचा जाड नमदा शिवून बसवायची. सांधे नाथा डिंक लावून, दर तीन बोटांवर स्क्रू मारून बंद करायचा. मग दोघं मिळून ती पेटी बुडालेल्या मिठागराच्या मोकळ्या पटांगणात नेऊन ठेवायची, खाडीकडे तोंड करून. तिथे तक्रार करायला बगळ्यांशिवाय कोणी नव्हतं. एका दुपारी मला बळेच घेऊन गेला. ड्रमचं रेकॉर्डिंग लावलं. मला त्यातलं काही कळत नाही, पण छातीवर कोणीतरी बोट टेकवलं आणि लगेच उचलून घेतलं, एवढं मला जाणवलं. नाथा माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणालो, "बरंय." तो खूश झाला, कारण माझ्याकडून एवढंसुद्धा कोणाला मिळत नाही.

दोन हजार अकराच्या फेब्रुवारीत पुंडलिकने निरोप पाठवला. एक बँड बारा गावांचा दौरा करणार होता. कोलाडजवळ नदीकाठी तंबूंचा कॅम्प आहे, तिथे पहिला कार्यक्रम. तिथे नाथाची सगळी यंत्रणा लावायची. ती चालली तर पुढचे अकरा कार्यक्रम त्याचे. नाही चालली तर मुंबईहून दुसरी मागवायची. पुंडलिकने हे गोड बोलून झाकलं नाही, त्याबद्दल मला तो आवडतो. नाथाजवळ आता परत जायला हळदी उरल्या नव्हत्या. मागचं सगळं मोडून त्याने हे पुढचं उभं केलं होतं.

मी कसा गेलो? सगुणा म्हणाली, 'शेठ, तुमी आलात तं ते जरा जागेवर ऱ्हातील.' म्हणून गेलो. कानात घालायला कापूसही नेला.

कॅम्प डोंगराच्या पायथ्याशी, नदीपासून थोडा वर. भाताची दोन रिकामी खाचरं खाली, आणि त्यांच्या वरच्या सपाटीवर मातीचाच एक बैठा चौथरा केलेला, तोच स्टेज. धूळ उडू नये म्हणून त्यावर पाणी मारून काथ्याच्या चटया पसरल्या होत्या. दोन्ही बाजूंना आठ-आठ पेट्यांचे मनोरे चढले. मागे अँप्लिफायरची कपाटं, आणि प्रेक्षकांच्या मधोमध पुंडलिकचा मिक्सर. जनरेटर कोलाडच्या केरू नावाच्या माणसाचा. पन्नाशीचा, कमी बोलणारा, तिथल्याच गावचा. नाथा जनरेटरच्या बाजूला रॉड ठोकायला बसला तेव्हा केरू जवळ येऊन म्हणाला, "दादा, इथं खाली कातळ हाय. चार बोटांवर."

नाथाने मान वर केली नाही. "पंचवीस वरसं रॉड ठोकतोय मी. मना अर्थिंग नको शिकवू."

केरू गेला. रॉड पहिल्यांदा अडला, मग नाथाने कोन बदलून जोरात ठोके दिले तसा आत गेला. मी बघत होतो. मलाही वाटलं, गेला.

दुपारी तीनला सगळं जोडून झालं. नाथाने रीतीप्रमाणे चौथऱ्यावर अनवाणी उभं राहून एकेका माईकला ओठ लावले. सातही माईक झाले. "काय नाय," म्हणाला, आणि खाली उतरला. पेट्या चालू होत्या आणि त्यांत थोडी घरघर होती. ती मलासुद्धा ऐकू आली. नाथा म्हणाला, जनरेटरची असंल.

चारला बँडची पोरं सरावाला चढली. गाणारी एक मुलगी होती, बावीस-तेवीसची, नदीत पाय बुडवून तशीच ओल्या पायांनी वर आलेली. माईकसमोर उभी राहिली, एका हाताने स्टँड धरला आणि पुढे वाकली. ओठ जाळीला लागले मात्र, ती मागे फेकली गेली. किंकाळी नाही, काही नाही. नुसती चटईवर पडली आणि आपला हात दुसऱ्या हाताने धरून बसली.

केरूने पळत जाऊन जनरेटर बंद केला. कोलाडहून डॉक्टर आले, तपासलं, छाती, नाडी सगळं ठीक आहे म्हणाले. ओठाच्या कडेला एक पांढरा ठिपका उठला होता. तिला लिंबाचं पाणी दिलं. ती रडली नाही, तिने ग्लास खाली ठेवला. ती म्हणाली, "मी त्या माईकला हात लावणार नाही."

पुंडलिकचा पारा चढला तो केरूवर. नाथाचा अर्थिंगमध्ये हातखंडा, हे त्यानेच मुंबईभर सांगितलं होतं. तेव्हा दोष जनरेटरचा, हे ठरूनच गेलं. "जनरेटर बघून आणला होता की तसाच उचलून आणला? मुलगी मेली असती." केरू खाली बघत उभा. 'मी सांगितलं होतं' एवढंही म्हणाला नाही. मला ते आठवत होतं. मी मात्र तोंड मिटून बसलो, कारण नाथा माझा माणूस होता. याची मला आजही लाज वाटते.

नाथा जनरेटरकडे गेला. रॉडला हात लावला. रॉड हलला. त्याने एका हाताने ओढला आणि तो मुळ्यासारखा उपटून आला. चार बोटं सरळ, आणि तिथून पुढे काटकोनात वाकून आडवा गेलेला. रॉड आत शिरलाच नव्हता. कातळावरून कोरड्या मुरमात आडवा पळाला होता. विजेला जमिनीत जायची वाटच नव्हती.

तो वाकडा रॉड घेऊन नाथा सगळ्यांसमोर आला आणि चौथऱ्यावर ठेवला.

"केरूदादाचा दोष नाय. ह्यो माझा हाय. त्याने मना सांगितलावता, खाली कातळ हाय म्हनून. मी आयकलं नाय."

पुंडलिक त्या रॉडकडे बघत राहिला. "पण तुम्ही ओठ लावले होते ना, नाथाभाऊ?"

नाथाने स्वतःचा पाय उचलून तळवा बघितला. तिथेच त्याला कळलं असावं. जिला वीज लागली तिचे पाय ओले आणि मऊ. याच्या तळव्यावर मिठाने अर्ध्या बोटाएवढं जाड कातडं चढवलेलं. वीज त्यातून जायला मागतच नव्हती. पंचवीस वर्षं तो ज्या पायांवर उभा राहून लोकांना हमी देत होता, ते पाय त्याला काही सांगतच नव्हते. खारातल्या जमिनीने त्याची लाज राखली होती, एवढंच. त्याने पाय खाली ठेवला. मी इतकी वर्षं त्याला ओळखतो, पण इतका लहान झालेला तो मला कधी दिसला नव्हता.

पुंडलिक म्हणाला, "सात वाजता शो आहे. मुंबईहून यंत्रणा आज येऊ शकत नाही."

नाथा केरूकडे वळला. "दादा, चुकलो."

"ऱ्हाऊ दे," केरू म्हणाला. "खाली खाचरात माती हाय, पुरुषभर. तिथं खनू. मीठ हाय काय?"

मिठागराच्या माणसाकडे मीठ नव्हतं. कधी लागलंच नव्हतं. केरू मोटारसायकलवर गेला आणि हायवेवरच्या धाब्यांतून जाड्या मिठाची दोन पोती आणि तंदूरचा कोळसा घेऊन आला. नाथा आणि कॅम्पवरचे दोन गडी खाचरात उतरून खणत होते. सगुणाने तांब्याची जाड तार चौथऱ्यापासून खालपर्यंत सोडली, नेहमीसारखी, एका फेकीत. छातीएवढा खड्डा झाला. तळाशी ओल लागली. कोळशाचा थर, मिठाचा थर, पुन्हा कोळसा. नाथा मिठात हात घालून ते पसरवत होता. सात-आठ बादल्या नदीचं पाणी ओतलं. हे सगळं होईतो साडेसहा झाले आणि लोक येऊन गवतावर बसायला लागले. सरावाला वेळ उरला नव्हता.

जनरेटर चालू केला. पेट्या चालू झाल्या, आणि काहीच ऐकू आलं नाही. घरघर गेली होती. पुंडलिकने मीटर लावून बघितलं. काटा शून्यावर. त्याने मीटर त्या मुलीला दाखवलं.

ती म्हणाली, "मीटरला ओठ नसतात."

नाथा पुढे झाला. "पोरी, मी लावतो ओठ."

"काका, तुम्ही दुपारीपण लावले होते."

ती उद्धटपणे म्हणाली नाही. जे होतं ते म्हणाली. नाथा दोन पावलं मागे सरला.

सगुणाने चपला काढल्या. बाजूला पाण्याची बादली होती, तिच्यात एकेक करून दोन्ही पाय बुडवले आणि चौथऱ्यावर चढली. उरलेलं पाणी तिने माईकसमोरच्या चटईवर ओतलं आणि त्यात जाऊन उभी राहिली. ती काय करणार हे आम्हाला कळायच्या आत नाथाला कळलं.

"तू नको," तो म्हणाला. "बंद करा. केरूदादा, बंद कर."

जनरेटर बंद झाला. सगळीकडे एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत सगुणा हळू आवाजात बोलली तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"का? तुमचा तुमच्या कामावं भरोसा नाय?"

सगुणा थांबली नाही.

"भरोसा नसंल तं ह्या परक्याच्या पोरीला कशी उबी करताव? नि आसंल तं चालू करा."

मी त्याच्या बाजूलाच होतो. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. केरू जनरेटरपाशी हात ठेवून त्याच्याकडे बघत होता. नाथाने हात वर केला की तो चालू करणार. मला वाटत होतं, त्याने हात वर करू नये. दौरा गेला चुलीत, पेट्या गेल्या चुलीत, मी त्याला परत हळदीच्या पेट्यांचा प्लाय फुकट देईन. मी हे बोललो नाही, कारण हे ठरवायचं काम माझं नव्हतं.

नाथाने हात वर केला.

जनरेटर धडधडला. सगुणाने उजव्या हाताने बाजूला जोडून ठेवलेल्या गिटारच्या तारा मुठीत धरल्या, कारण वीज त्यांतूनही येऊ शकते, डाव्या हाताने माईक धरला, आणि जाळीला ओठ टेकवले. टेकवून ठेवले. तिने डोळे मिटले नव्हते, ती समोर नाथाकडे बघत होती. मग तिच्या लक्षात आलं असावं की नुसतं असं उभं राहून चालणार नाही, काहीतरी बोलायला हवं. तिने मान वळवून त्या मुलीला हाक मारली.

"ये गो बाय. काय नाय."

सोळा पेट्यांतून ते नदीच्या पलीकडे गेलं. घरातल्या पोरीला जेवायला बोलवावं तसं. गवतावर बसलेली माणसं हसली, पण चांगल्या मनाने.

मुलगी चढली. तिने आधी माईक धरला नाही, सगुणाचा हात धरला. त्या हातातून आपल्याला काही लागत नाही हे बघितलं. मग एका बोटाने जाळीला शिवली. मग तळहात लावला. सगुणा उतरायला निघाली तर तिने हात सोडला नाही. "तुम्ही जाऊ नका," म्हणाली. "पहिलं गाणं होऊ दे."

आणि बँडने सुरू केलं. मी कापूस घालायचं विसरलो. काळे कपडे, रंगवलेले केस, मागे ड्रम, आणि त्यांच्या मधोमध हिरव्या लुगड्याचा कासोटा मारलेली, ओल्या पायांची आमची सगुणा, एका गाणाऱ्या मुलीचा हात धरून. ती हलली नाही की डुलली नाही. वीज आलीच तर दोघींना येईल, असा तो सौदा होता आणि तिने तो पाळला. चार-साडेचार मिनिटांचं गाणं होतं. दुसऱ्या कडव्यात मुलीचा आवाज मोकळा सुटला, आणि शेवटी तिने स्वतःच सगुणाचा हात सोडला आणि माईक दोन्ही हातांनी धरला. सगुणा पदर सावरत मागच्या बाजूने उतरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या तिच्यासाठीही होत्या, पण ती तोवर केबलीपाशी पोचली होती.

कार्यक्रम संपल्यावर पुंडलिक नाथाला एवढंच म्हणाला, "अठरा तारखेला पुण्याला. आणि सगुणावहिनी हव्यात. ती मुलगी म्हणते, माईक त्यांनीच द्यायचा." नाथाने मान डोलावली. त्या दौऱ्याचे उरलेले अकरा कार्यक्रम त्याने केले, आणि त्यानंतर आजपर्यंत किती केले ते मला मोजता येणार नाही. प्रत्येक ठिकाणी तो आधी गावातल्या कोणाला तरी विचारतो, जमीन कशी आहे. स्वतः ओठ लावत नाही. सगुणा पाय ओले करून जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टेम्पोच्या पुढच्या बाकावर तिघं बसून परत निघालो. सगुणा खिडकीला डोकं टेकून झोपली होती. नागोठणं मागे पडल्यावर मी नाथाला म्हणालो, मला गाण्यातलं काही कळत नाही, पण ते पहिलं गाणं मलाही आवडलं. ड्रमचा ठोका यायचा आणि निघून जायचा, जसा तुला दोन वर्षं हवा होता तसाच. तुला कसा वाटला?



"मना नाय ठाऊक, शेठ," तो म्हणाला. "पुंडलिक बाजूला उबा ऱ्हाऊन काय काय विचारत व्हता, तेपन मना आयकू नाय आलं. मी नुस्ता हिचे पाय बघत व्हतो."